तनुजाचं नाव तनुजासाठी

अकिन्यी नैरोबीला परत गेली, तरी तळवड्याच्या घरातली वरची खोली तिचीच राहिली. निदान तनुजासाठी. सासू सारजाबाई पाठीमागे ‘काळीची खोली’ म्हणायची आणि भाडं घेताना तोंडभरून ‘बेटी’. आपली माणसं अशीच.

अकिन्यी कॉलेजसाठी आलेली, पण जीव सगळा रॅपमध्ये. गच्चीवर ती मोडक्या हिंदीत सांगायची की तिकडं रॅप करणाऱ्या पोरींना पुरुष ओरडून स्टेजवरून हाकलायला बघायचे, चुलीपाशी जा म्हणायचे. पोरी माइक सोडत नसत. आणि पहिल्याच ओळीत स्वतःचं नाव, दणकून. तनुजा वाळलेले कपडे काढायचं विसरून ऐकत राहायची.

गेल्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बायकांनी उखाणे घेतले. अकिन्यीला वाटलं, हे तर आपलंच. ती उठली, टाळीवर ताल धरला आणि यमक जुळवून स्वतःचंच नाव घेतलं. बायका हसून लोळल्या. तनुजाला हसू आलं नाही.

यंदा संक्रांतीच्या तोंडावर अकिन्यीचा निरोप आला. नवं गाणं करतेय, त्यात दोन ओळी तुझ्या हव्यात, मराठीत, तुझ्या नावाच्या.

तनुजाने न्हाणीत जुळवून पाहिलं, कंपनीच्या बसमध्ये ओठातल्या ओठात पाहिलं. यमकापाशी पोचली की नाव यायचं गोरक्षचं. नवरा वाईट नव्हता. पण लग्नापासून तोंडाला तेवढीच वाट माहीत. घरात ती सूनबाई, कंपनीत लाइनचा नंबर, दवाखान्यात गोरक्षची मिसेस. मोठ्याने ‘ता-नूऽजा’ म्हणणारी एकच होती, तीही चुकीच्या जागी जोर देऊन. त्या हाकेसाठी तनुजा अजून उगीचच गच्चीवर जायची.

हळदीकुंकवाला शेजारची छबूबाई म्हणाली, “सूनबाई, घे नाव.”

तनुजाने फोनवर रेकॉर्डिंग चालू करून तो ताटाशेजारी ठेवला.

“चाकणच्या रस्त्याला ट्रकांची दाटी,
तनुजाचं नाव घेते तनुजासाठी.”

छबूबाईने हळदीची वाटी खाली ठेवली.

“आगं, आन् गोरक्षाचं?” सारजाबाई म्हणाली.

“त्यांचं दरवर्षी घेतलंय, आत्याबाई. तिळगूळ घ्या.”

तिने ते होतं तसंच पाठवलं.

होळीच्या सुमारास गाणं आलं, भर कार्यक्रमातलं. तनुजाने बसमध्ये कानाला लावलं. ढोल, अकिन्यीचा आवाज, मग तिच्या दोन ओळी. सासूचा प्रश्नही अकिन्यीने तसाच ठेवलेला. आणि त्यावर तिथल्या पोरींचा एकच गलका, तानूजा, तानूजा. ज्यांना ती कधी बघणार नव्हती त्या पोरी घसा फोडून तिला बोलावत होत्या.

बस गेटात शिरली. नियमाप्रमाणे फोन लॉकरमध्ये गेला. लाइनवर वायरी ओवताना तिला वाटत राहिलं, आत्ताही तिकडं कुणीतरी हाक मारत असेल, आणि ओ द्यायला आपण तिथं नाही.