सत्तावीस डबे

“साखर शेवटच्या फळीवर, साबणाच्या शेजारी,” स्टुलावर उभे राहून कुलूपकाकांनी हुकूम सोडला.

“आजोबा, साबणाच्या शेजारी साखर?” खालून नातीने विचारले.

“वर्णानुक्रम म्हणजे वर्णानुक्रम. त्यात लाडकं-दोडकं नसतं.”

नातीने क्षणभर विचार केला. “आणि चहाला फेस आला तर?”

कुलूपकाकांनी साबणाची तेवढी न्हाणीघरात बदली केली. बाकीचे डबे मात्र अक्षरांच्या रांगेत उभे राहिले. काडेपेटीशेजारी कॉफी, कॉफीशेजारी कोको.

कुलूपकाका हे अर्थात त्यांचे खरे नाव नव्हे. पाण्याचे पंप बनवणाऱ्या कारखान्यात ते चौतीस वर्षे स्टोअरकीपर होते. कमरेला किल्ल्यांचा जुडगा असायचा आणि चिठ्ठीशिवाय ते कुणाला साधा स्क्रूही द्यायचे नाहीत. एकदा खुद्द मोठे साहेब हात हलवत आले, तर त्यांनाही यांनी चिठ्ठी आणायला परत पाठवले होते. ‘चौतीस वर्षांत एक वॉशर चुकीच्या खणात गेला नाही,’ हे वाक्य घरात इतक्या वेळा ऐकवले गेले होते की नातीला ते पाढ्यांच्या आधी पाठ झाले.

निवृत्त होऊन महिना झाला होता. पहिला आठवडा त्यांनी झोप काढली. दुसऱ्या आठवड्यात वर्तमानपत्र जाहिरातींसकट वाचून काढले. तिसऱ्या आठवड्यात त्यांची नजर घरावर पडली आणि घराचे ग्रह फिरले. चपला मापाप्रमाणे लागल्या, टॉवेलांना नंबर पडले. सून दवाखान्यात परिचारिका होती. सकाळच्या पाळीच्या घाईत तिने “बाबा, माझा कंगवा?” असे विचारले, तर उत्तर आले, “मागणी वहीत लिही.” ती बिचारी दोन दिवस बोटांनी केस सारखे करून कामावर गेली.

स्वयंपाकघर तेवढे काकूंच्या हद्दीत होते. तिथे डब्यावर जे छापलेले असे ते सोडून आत काहीही असे. बिस्किटांच्या चपट्या डब्यात मैदा, कॉफीच्या बरणीत मिरी आणि बाळाच्या दुधाच्या डब्यात मीठ. ज्या बाळासाठी तो डबा आला होता, त्या बाळाला आता टक्कल पडू लागले होते आणि जिना चढताना धाप लागत होती. कुलूपकाकांना हा कारभार बघवत नसे.

शनिवारी काकू दिवसभरासाठी थोरल्या बहिणीकडे गेल्या आणि काकांनी डाव साधला. एका मापाचे सत्तावीस कोरे स्टीलचे डबे आले. जुने सगळे पोत्यात भरून माळ्यावर गेले. प्रत्येक नव्या डब्यावर काकांनी मोत्यासारख्या बारीक अक्षरात लेबल लावले. नातीने वास घेऊन खात्री केली, काकांनी चव घेऊन. मग दोघांनी सगळे पुन्हा एकदा तपासले.

आता घरात महायुद्ध होणार हे काका धरून चालले होते. त्यांनी सात उत्तरे तयार ठेवली होती. काकू संध्याकाळी थकून आल्या आणि लवकर झोपल्या. रविवारी सकाळी काकांनी त्यांना मोठ्या ऐटीत फळीसमोर उभे केले. काकूंनी डब्यांच्या रांगेवरून हळूच हात फिरवला, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

“छान,” त्या म्हणाल्या.

अडतीस वर्षांच्या संसारात काकूंनी एका शब्दात विषय संपवल्याची नोंद नव्हती. सातही उत्तरे वाया गेली. काका चांगलेच हिरमुसले.

अर्ध्या तासाने मुलाने चहाचा पहिला घोट घेतला आणि तो बेसिनकडे धावला.

“आई! मीठ?”

“झालं खरं. नवीन डबे आहेत रे,” काकू आतून म्हणाल्या.

अकराच्या सुमारास बटाट्याच्या भाजीला चॉकलेटचा वास येऊ लागला. मसाल्याच्या जागी कोको पडला होता. नात खूश झाली, तिने वाटीभर मागून घेतली. मुलाने आणि सुनेने मात्र एकमेकांकडे पाहिले. काकांना ते पाहणे आवडले नाही. त्यांच्या लेबलांचा हा उघड उघड अपमान होता. ते तरातरा स्वयंपाकघरात गेले.

काकू फळीपाशी पाठमोऱ्या उभ्या होत्या. एकेक डबा उघडत होत्या, बोट बुडवून जिभेला लावत होत्या आणि डबा जागेवर ठेवत होत्या. एक डबा त्यांनी खिडकीच्या उजेडात धरला, नाकाजवळ नेला, मग लांब धरला.

मालाची पारख करण्यात काकांचा जन्म गेला होता. त्यांनी शेजारचा एक डबा उचलला आणि कोरी बाजू काकूंच्या समोर धरली.

“वाच बरं, काय लिहिलंय?”

काकूंनी थोडे थांबून सांगितले, “मीठ.”

त्या बाजूला लेबलच नव्हते. काका स्टुलावर बसले. त्यांना एकदम फार वाईट वाटले, आणि स्वतःचा रागही आला.

“कधीपासून?”

“दीड वर्ष झालं असेल. धुक्यातनं बघितल्यासारखं दिसतं. हल्ली जास्तच.”

“आणि मला बोलली नाहीस?”

“तुम्ही घरी कुठे होतात? आणि माझं अडत नव्हतं हो. दुधाच्या डब्याला पोचा होता, हात लागला की मीठ. बरणीचं झाकण कडक, म्हणजे मिरी. माझे डोळे त्या डब्यांत होते. ते तुम्ही पोत्यात भरून माळ्यावर टाकलेत.”

काकांनी हातातला डबा फळीवर ठेवला.

“डॉक्टरकडे जाऊ. मोतीबिंदू असेल, निघतो तो,” ते शेवटी म्हणाले.

“जाऊ की. उद्या जाऊ. पण मुलांना आज नका सांगू.” काकूंनी आवाज खाली आणला. “काल ताईकडे बघून आले ना. तिला कमी दिसतंय म्हटल्यावर पोरांनी प्रेमानं शेगडीपासून उठवलं. ऑपरेशन झालं, नजर आली, पण तिचा ओटा काही परत मिळाला नाही. दिवसभर खुर्चीत बसून मटार सोलते. मला म्हणाली, माझ्याच घरात मी पाहुणी झाले. मला नाही हो तसं बसायचं.”

“नाही बसवणार कुणी. आधी सांग, इथे काय काय लागणार आहे.”

मग काका डबा वाचून दाखवत राहिले आणि काकू पुढचा स्वयंपाक करत राहिल्या. चिठ्ठी कुणीच मागितली नाही.

जेवायला बसल्यावर मुलाने घसा साफ केला.

“आई, मी आणि ही बोललो. तुझं लक्ष नसतं हल्ली. उद्या काही भलतंच झालं तर? एक तारखेपासून स्वयंपाकाला बाई ठेवू. तू आराम कर.”

“खरंच आई, खूप केलंत तुम्ही,” सून मनापासून म्हणाली.

काकू ओट्याशी होत्या. त्यांचा हात भाताच्या पातेल्यावर तसाच राहिला.

“तिचं लक्ष होतं. लेबलं मी चुकीची लावली,” कुलूपकाका म्हणाले.

मुलाचा घास हातात राहिला.

“तुम्ही? चुकीची?”

“साखरेवर मीठ लावलं. कोकोचाही घोळ झाला. आत्ता दुरुस्त करून आलो.”

“पण आजोबा,” नात ताडकन म्हणाली, “आपण तर दोनदा तपासलं होतं!”

“तेच सांगतोय ना. दोनदा तपासून चुकलो.”

“मी तर वाससुद्धा—”

“तुझ्या नाकाची चूक नाही बाळ. लेबल माझं.”

मुलगा आधी पाहत राहिला, मग जो हसत सुटला तो थांबेना. बाईचा विषय जागीच बारगळला. बापाची चूक हाती लागण्याची ही त्याची उभ्या आयुष्यातली पहिली वेळ होती आणि ती एकट्याने भोगण्याइतका तो कंजूष नव्हता. त्याने लगेच फोन काढून, काकांसाठी त्यानेच बनवून दिलेल्या कारखान्यातल्या निवृत्त मंडळींच्या ग्रुपवर बातमी टाकली. दोन मिनिटांत काकांचा फोन वाजला. एका फिटरला काकांनी वॉशरच्या एका चिठ्ठीपायी चार वेळा परत पाठवले होते, त्याचाच होता.

“साहेब, मीठ आणि साखर? तुम्ही?”

“हो रे बाबा.”

“चौतीस वर्षं आम्हाला छळलंत की हो!”

“छळलं खरं. आता वय झालं, चुकतो माणूस,” काका म्हणाले. त्यांचे कान लाल झाले होते. पलीकडचे हसणे नातीलाही ऐकू आले.

फोन ठेवतात तोवर दुसरा वाजला. तोही त्यांनी घेतला आणि तेच उत्तर पुन्हा दिले.

काकू पातेले घेऊन वाढायला आल्या. भाताने भरलेली पळी काकांच्या ताटाच्या वीतभर डावीकडे, रिकाम्या टेबलावर येऊन थांबली. मुलगा आणि सून फोनमध्ये डोके घालून हसत होते. काकांनी कानाला फोन तसाच धरून दुसऱ्या हाताने ताट पळीखाली सरकवले. भात ताटात पडला.

“अजून?” काकूंनी विचारले.

“वाढ,” काका म्हणाले.