ग्यामाच्या पाल्याची साक्ष

घानातल्या आमच्या गावात त्या दिवशी कोकोच्या बागा ओस पडल्या होत्या. सगळं गाव गावप्रमुखांच्या अंगणात लोटलं होतं. बोआहेन भगत चेटकीण पकडणार होता, आणि असला फुकटचा तमाशा कोण सोडतो?

पोकुआच्या लेकराचा खोकला महिनाभर हटत नव्हता. चेटूक करतं ते आईकडचंच माणूस, अशी आमच्याकडे पक्की समजूत. म्हणून संशय गेला पोकुआच्या सख्ख्या मावशीवर, म्हाताऱ्या सार्पोमावर. दोषी ठरली तर तिला गाव सोडावं लागणार होतं.

आरोपीने हातांना लिंबू चोळायचं, देवाची जुनी लोखंडी घंटा तळव्यांत घट्ट धरून शपथ घ्यायची आणि ग्यामाच्या पाल्याच्या काढ्यात हात धुवायचे. काढा काळा पडला तर ती चेटकीण. रानातलं हे झुडूप घरोघरचं औषध. जखमेला त्याचाच पाला, खोकल्याला त्याचाच काढा. भगत घसा ताणून सांगत होता की पाला खोटं बोलत नाही. पाला बिचारा बोलतच नव्हता. बोलत होता तो हाच.

आधी निर्दोष हातांनी काय होतं ते दाखवायला पोकुआने लिंबू-घंटेशिवाय नुसतेच हात धुतले. काढा लालसरच राहिला. मग सार्पोमाने लिंबू चोळून, घंटा धरून धुतले आणि काढा काळाकुट्ट झाला. माणसं मागे सरली. म्हातारी हातांकडे बघत म्हणाली, "तुझ्या लेकराला पहिली आंघोळ मीच घातली गं, पोकुआ." पोकुआने लेकराला छातीशी ओढून घेतलं.

तेवढ्यात शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या तिवाबाई उठल्या. "भगतबुवा, घंटा तुम्ही फडक्यात का धरता?"

"पावित्र्य राखायला."

"मग आता नुसत्या हातांनी धरा. लिंबू मी चोळते तुमच्या हातांना."

कौल संपल्याचा देवाचा निरोप भगताला नेमका तेव्हाच आला. पण गावप्रमुखांनी लिंबू चोळलं, घंटा धरली आणि हात ताज्या काढ्यात बुडवले. काढा काळा झाला.

"बोआहेन," ते म्हणाले, "आता मलाही गावाबाहेर काढ."

बाईंनी मग उलगडून सांगितलं. लिंबाच्या आंबटाने घंटेचा गंज सुटून हाताला लागतो, आणि पाल्याच्या तुरट रसाला लोखंड लागलं की काळा रंग होतो. आमच्या बायका याच पाल्यात लोखंड घालून भोपळ्याची भांडी काळी रंगवतात. तरी एकीलाही ते आठवलं नाही. देवाचं नाव निघालं की आम्ही अक्कल घरी ठेवून येतो, याची मला लाज वाटते.

पोकुआ लेकराला घेऊन मावशीपुढे उभी राहिली. "दवाखान्यात येतेस माझ्याबरोबर?"

"हात काळे आहेत माझे."

पोकुआने लेकरू त्याच हातांत दिलं.

लोकहो, ग्यामाच्या काढ्याने घशाला आराम पडतो. महिनाभराच्या खोकल्याला डॉक्टरच लागतो. आणि चेटकीण ओळखायला कुणीच लागत नाही, कारण ती नसतेच.