पहिल्या जागेवरचं अक्षर

वसुधाने ‘हुओ’ टाइप केलं, चारचा आकडा दाबला आणि समोरचा म्हातारा फिसकन हसला.

“बाई माल पाठवत नाहीयेत, संकट पाठवतायत!”

म्हातारा चायनाटाऊनमधला व्यापारी. चिनी टायपिंगचं मशीन बघायला बर्फ तुडवत शहराबाहेर शॉमबर्गच्या ऑफिसात आला होता. वसुधाने पुढचा शब्द मारला. तोही चुकला. म्हाताऱ्याने कोट उचलला.

“गुरुवारी या, प्लीज,” मॅनेजर प्रल्हाद त्याच्यामागे लिफ्टपर्यंत धावला.

वसुधाला चिनीचा गंध नव्हता, आणि कंपनीला विकायचं होतं ते नेमकं हेच. इंग्रजी टायपिंग येणारी कुठलीही बाई आता चिनी पत्र टाइप करणार! रोमनमध्ये उच्चार टाइप केला की त्या उच्चाराची सगळी चिनी अक्षरं खाली आकडे लावून येत. हवं त्याचा आकडा दाबायचा. वसुधाने अख्खं पत्र आकड्यांनी घोकलं होतं. डेमो जमला तर नोकरी पक्की, स्वतःचं टेबल, स्वतःचा चेक. नाही तर पुन्हा अपार्टमेंट आणि खिडकीखालचा पार्किंग लॉट. नागपूरला टायपिंगमध्ये पहिली आलेली बाई इथे तीन वर्षं नवऱ्याचे शर्ट इस्त्री करत होती.

प्रल्हाद परतला तो लालबुंद होऊन.

“काय माती खाल्लीस?”

“आकडे बरोबर दाबले मी. कालपर्यंत येत होतं.”

“मग यादी कोणी हलवली?”

यादीतली अक्षरं वरखाली करायचं काम कंपनीतल्या एकुलत्या चिनी बाईचं, मिसेस लिनचं. त्यांनीच वसुधाला शिकवलं होतं, डब्यातले डम्पलिंगही खाऊ घातले होते. ही तयार झाली की आपली गरज संपणार, हे काय त्यांना कळत नव्हतं? सकाळी त्या घाईघाईने काही सांगायला आल्या, तर प्रल्हादने “नॉट नाऊ” म्हणून दार लावलं. मग काचेपलीकडून त्या वसुधाला एक बोट दाखवत राहिल्या. शुभेच्छा देतायत असं समजून वसुधा हसली होती.

“म्हातारीने डाव साधला,” प्रल्हाद म्हणाला. “बघतोच आता.”

तो तणतणत गेला. वसुधाने पुन्हा ‘हुओ’ टाइप केलं. मालाचं अक्षर तिला नजरेने ओळखू यायचं. ते आता पहिल्या जागेवर होतं. पुढचा शब्द मारला, तोही पहिल्या. तिने एक दाबला, पुन्हा एक, पुन्हा एक. सगळं पत्र सरळ उतरत गेलं. लिनबाईंनी तिच्यासाठी पत्रातलं प्रत्येक अक्षर उचलून वर आणून ठेवलं होतं. घोकायची गरजच ठेवली नव्हती.

काचेपलीकडे मिसेस लिन खोक्यात चहाचा मग ठेवत होत्या. शेजारी गार्ड उभा. त्यांनी वर बघितलं आणि पुन्हा ते एक बोट उचललं.

प्रल्हादने दारातून डोकं आत घातलं.

“तू सांग, मुद्दाम केलं ना तिने?”

वसुधाने पडद्यावरचं पत्र पुसून टाकलं.

“हो,” ती म्हणाली. “मुद्दामच.”

गुरुवारी म्हातारा आला. वसुधाने अख्खं पत्र एकच आकडा दाबत उतरवलं. चूक एकही नाही. म्हाताऱ्याने टाळ्या वाजवल्या.

“कोणी शिकवलं?” त्याने विचारलं.

“माझी मीच शिकले,” वसुधा म्हणाली.