सरळ चालली तर

जरीपटक्याच्या त्या गल्लीत रिक्षा वळवायची म्हटली तरी दोनदा मागेपुढे करावं लागतं. तिथे देवराव मारबत्यांनी बावीस फुटांची मोटारबोट आणून घरासमोर उभी केली. दूधवाल्याला सायकल डोक्यावर धरून जावं लागलं. समोरचे पापडवाले शेठ गच्चीवर आले, खाली वाकून बघत राहिले आणि म्हणाले, "देवरावजी, समुंदर आ रहा है क्या जरीपटके में? पहले बता देना, मैं पापड़ उठा लूँगा."

"तुम्हाले सांगितल्याशिवाय नाही येणार, शेठ," देवराव म्हणाले.

ते त्यांचं त्या आठवड्यातलं सगळ्यात लांब वाक्य होतं. इंदूबाई जाऊन दहा महिने झाले होते.

ही बोट दोघांनी एकोणीस वर्षांपूर्वी सरकारी लिलावात घेतली होती. खाप्याच्या पलीकडे एक धरण आहे, तिथे परवाना काढून दोघं लोकांना फिरवत. मागे दोन मशीनं. डावं पहिल्यापासून आजारी. उजवं जोर लावायचं आणि डावं खोकत मागून यायचं, म्हणून बोट कायम डावीकडे वळू पाहायची. देवराव सुकाणूचं चाक उजवीकडे दाबून धरत आणि तिला सरळ नेत. इंदूबाई पुढे बसायची. आवाज एवढा की कानाशी ओरडलं तरी ऐकू जायचं नाही. म्हणून तिने हातांची भाषा केली होती. तळहात वर म्हणजे हळू. दोन बोटं म्हणजे पाण्यात ओंडका. डोक्यावर थाप म्हणजे कुण्या पाहुण्याची टोपी उडाली, मागे फिरा.

एकोणीस वर्षं ती एकच गोष्ट मागत होती. "मशीनं बदला ना बाप्पा. बिनआवाजाची आणा. पाण्यावर मले एवढं बोलावंसं वाटते तुमच्यासंग, आन् काठावर येईस्तोवर काही आठवत नाही."

"पुढच्या वर्षी," देवराव म्हणत. दरवर्षी म्हणत.

शेवटी तिनेच शोरूममध्ये जाऊन दोन नवी फोर-स्ट्रोक मशीनं पसंत केली, चालवून दाखवायला लावली आणि कानावर हात न ठेवता पाच मिनिटं उभी राहिली. मशीनं बाहेरगावाहून यायची होती. ती यायच्या तीन आठवडे आधी तापाचं निमित्त झालं आणि आठ दिवसांत इंदूबाई गेली. लाकडी खोके आले तेव्हा घरात तेराव्याचे पाहुणे नुकतेच उठून गेले होते. देवरावांनी खोके पुढच्या खोलीत ठेवले आणि वर चादर टाकली. नऊ महिने येणारेजाणारे त्यावरच बसले.

इंदूबाईचा धाकटा भाऊ चंद्रभान याचा सावनेर रोडवर ढाबा. तोही त्याच खोक्यावर बसून एक दिवस म्हणाला, "भाटवे, बोट मले द्या. ढाब्यासमोर ठेवतो. आजूबाजूनं कुंड्या लावतो, पोरं आत बसून फोटो काढतीन."

"चालत्या बोटीत कुंड्या लावतं का गा?"

"चालते कुठं? दहा महिन्यांपासून शेडमध्ये पडून आहे." चंद्रभानचा आवाज खाली आला. "तुम्ही आता एकटे पाण्यावर जासान, तर मले झोप लागणार नाही. बाई पुढं बसत होती तेव्हा गोष्ट वेगळी होती."

देवराव बराच वेळ चादरीचं टोक गुंडाळत बसले. मग म्हणाले, "ही मशीनं मी बसवतो. तिनं घेतली, तर एकदा बसवलीच पाहिजेत. महिनाअखेरच्या शनिवारी धरणावर ये. सरळ चालली तर ठेवीन. नाही चालली तर तिथूनच ने."

"वचन?"

"हाव."

असं वचन माणूस दोन मनांनी देतो. त्यांनाही माहीत नव्हतं त्यांना काय हवं होतं.

दुसऱ्याच दिवशी बोट शेडमधून गल्लीत आली आणि काम सुरू झालं. दारातल्या लिंबाच्या फांदीला जड वजन उचलायची चेन कुप्पी टांगली. जुन्या मशिनांचे बोल्ट जागीच धरून बसलेले. तेल पाजलं, रात्रभर ठेवलं, हातोडीने ठोकलं, शेवटी गॅसच्या ज्योतीने तापवले तेव्हा कुरकुरत निघाले. मशीनं वर उचलली गेली आणि खाली गोणपाटावर निजवली. मग देवरावांनी मशिनांचा सगळा भार झेलणाऱ्या मागच्या फळीवर हातोडीच्या दांड्याने ठोकून पाहिलं. बाहेरून फायबर, आत लाकूड. उजवीकडे टणटण वाजलं. डावीकडे आवाज भद आला, ओल्या भिंतीसारखा. स्क्रूड्रायव्हर टोचला तर मुठीपर्यंत आत गेला.

दामिनी संध्याकाळी कामावरून आली. ती त्यांची एकुलती मुलगी, मोटार ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवते. दिवसभर शिकाऊ लोकांच्या शेजारी बसून ब्रेकवर पाय ठेवायचा, हेच काम. तिने फळीत बोट घातलं आणि भिजलेल्या पावासारखा लगदा बाहेर काढला.

"बाबा, यावर तुम्ही आईला बसवून फिरत होते?"

"तिला नव्हतं माहीत."

"तुम्हाले तरी होतं का?"

"नाही," देवराव म्हणाले आणि छिन्नी शोधायला आत गेले.

सगळं कुजकं लाकूड कोरून काढायला सहा दिवस लागले. नवीन प्लाय बसवला, थरावर थर फायबर चढवलं, जुनी भोकं बुजवली, नवी पाडली. नवी मशीनं जुन्यांपेक्षा जड, म्हणून बॅटऱ्या मागून काढून पुढे नेल्या. पापडवाले शेठ रोज खुर्ची टाकून बसायचे आणि काहीही न समजता "बढ़िया, बढ़िया" म्हणायचे. ज्या दिवशी दुसरं मशीन कुप्पीवरून उतरून चारी भोकांत बरोबर बसलं, त्या दिवशी शेठनी गल्लीभर जिलेबी वाटली. देवरावांनी एक तुकडा खाल्ला. गोड लागला. त्याची त्यांना लाज वाटली.

बुधवारी बोट धरणावर नेली. पाणी स्थिर होतं. दामिनीला सुट्टी नव्हती, देवराव एकटेच होते. किल्ली फिरवली. मशीनं चालू झाली की नाही, हे त्यांना मागे वळून बघावं लागलं. पाणी बाहेर फेकलं जात होतं, म्हणजे चालू होती. बोट काठापासून सुटली. पुढच्या कडेवर पाण्याचा चुबुकचुबुक आवाज येत होता, एकोणीस वर्षांत न ऐकलेला. एक बगळा उडाला तर त्याच्या पंखांचा आवाज आला.

"इंदू, उन्हात नको बसू, इकडं ये," देवराव बोलून गेले.

स्वतःचा आवाज त्यांना स्पष्ट ऐकू आला. त्यांनी दोन्ही मशीनं बंद केली आणि बोट वाऱ्यावर सोडून बसून राहिले. पाऊण तास. मग डोळे पुसले, तोंडावर पाणी मारलं आणि परत किल्ली फिरवली, कारण शनिवार तीन दिवसांवर होता.

आणि तेव्हा लक्षात आलं, की बोट सरळ जात नाही.

उजवीकडे ओढत होती. चाक सरळ धरलं की नाक हळूहळू उजव्या काठाकडे. डावीकडे दाबलं तर ताळ्यावर यायची, पण लक्ष सुटलं की पुन्हा तेच. देवरावांना वाटलं, दोन मशिनांना जोडणारी आडवी दांडी तिरपी लागली असेल. काठावर येऊन मोजली. सुताभराचा फरक निघाला. तो काढला. गुरुवारी पुन्हा पाण्यात. पुन्हा उजवीकडे. मशीनं एका पातळीत आहेत का ते पाहिलं. मशिनांचे पाण्यातले पंखे काढून एकमेकांशेजारी ठेवून पाहिले. शुक्रवारी दांडी मुद्दामच थोडी आखूड करून बसवली, तर बोट आणखी गिरक्या घेऊ लागली. ती परत मूळ मापावर आणली. नव्या मशिनांत काही खोट सापडेना. शुक्रवारी संध्याकाळी ते काठावर गुडघ्यांत डोकं घालून बसले. आता त्यांना कळलं होतं त्यांना काय हवं होतं. बोट ढाब्यासमोर कुंड्यांत उभी आहे आणि आत कुणीतरी पाय पसरून फोटो काढतंय, हे त्यांना सहन होणार नव्हतं. पण वचन दिलेलं होतं.

शनिवारी चंद्रभान ट्रॅक्टर-ट्रॉली घेऊनच आला. सोबत दोर, सोबत ट्रॉलीत बोटीखाली अंथरायला गवताच्या पेंढ्या. दामिनीही आली होती, सुट्टी टाकून.

"चला भाटवे, दाखवा."

देवराव बोटीत उतरले, चाकाशी बसले. दामिनी लाइफ जॅकेट घालून शेजारी बसली, सवयीने अगदी शिकाऊच्या शेजारी बसतात तशी. समोर पलीकडच्या काठावर एक पळस होता. देवरावांनी त्यावर नजर धरली. दोनशे फुटांत नाक पळसाच्या उजवीकडे गेलं. काठावरून चंद्रभानने दोन्ही हात हवेत पसरले.

"पाह्य," देवराव म्हणाले. "मी काय करू सांग. ओढतेच."

दामिनी पळसाकडे पाहतच नव्हती. ती त्यांच्या हातांकडे पाहत होती.

"बाबा, हात सोडा."

"का?"

"सोडा तर."

"पोरी, भर पाण्यात चाक सोडतात का? गाडी नोहे ही."

"मी सांगून राहिली ना. सोडा."

त्यांनी सोडलं. बोटं एकेक करून उघडली, जणू ती दुसऱ्या कुणाची आहेत. चाक आपोआप थोडं डावीकडे फिरलं आणि थांबलं. बोटीचं नाक वळायचं थांबलं आणि ज्या दिशेला होतं तिकडेच जाऊ लागलं. ना उजवीकडे, ना डावीकडे. पाण्यावर सरळ रेघ, सुतार लाकडावर दोरी मारतो तशी.

देवराव हात हवेत धरून बसले होते.

"बोट नाही ओढत," दामिनी म्हणाली. "तुम्ही ओढून राहिले. डावं मशीन आजारी होतं ना, तर एकोणीस वर्षं तुम्ही चाक उजवीकडं दाबून धरत होते. तुमच्या हाताले तेच सरळ वाटते. माझ्याकडे येतात ना काका लोक, जन्मभर वाकड्या हँडलची स्कूटर चालवलेले, कारमध्ये बसले की पहिले आठ दिवस फुटपाथवर चढवतात. गाडीले शिव्या देतात वरून."

"म्हणजे मशिनांत काही..."

"काहीच नाही. एक नंबर बसवले तुम्ही."

देवराव हसले का रडले, हे सांगणं अवघड. तोंड वाकडं झालं एवढं खरं. "तीन दिवस मी ह्या दांडीच्या मागं लागलो," ते म्हणाले. "पंखे काढले. अन् माझेच हात."

दामिनीने चाक घेतलं आणि पळसापर्यंत जाऊन, वळून, बोट काठाला आणली. चंद्रभान कमरेवर हात देऊन उभा होता.

"सरळ चालली, मामा," दामिनी ओरडली.

"तुह्या हातानं चालली. वचन भाटव्यांनी दिलं होतं. उद्या तू तिकडं क्लच शिकवत बसशील, हे इथं एकटे." मग तो देवरावांकडे वळला आणि त्याच्या आवाजातला वकील गेला. "खरं सांगा. तुम्ही चालवू शकता का?"

"पाहतो," देवराव म्हणाले.

"मी येऊ?" दामिनीने विचारलं.

"नको. उतर तू."

एकटे निघाले. पळसावर नजर. हात चाकावर ठेवले पण दाबले नाहीत, तापलेल्या भांड्याला हात लावून बघावा तसे. पन्नास फूट ठीक. मग उजवा हात आपला आपण भार देऊ लागला. नाक सरकलं. त्यांनी त्या हाताला मनात शिवी दिली आणि सैल केलं. नाक परत आलं. पुन्हा भार, पुन्हा सैल. एकोणीस वर्षांची सवय अशी पाच मिनिटांत जात नाही, पण ती येते केव्हा हे त्यांना आता ओळखू येऊ लागलं. पळस मोठा होत गेला. अगदी त्याच्या मुळांशी पाणी लागतं तिथे त्यांनी वेग कमी केला, वळले आणि मागे पाहिलं.

वारा नव्हता. बोटीमागून पाण्यावर उमटलेली पांढरी रेघ अजून पुरती मिटली नव्हती. काठापासून पळसापर्यंत लांब. काठावरून चंद्रभान डोळ्यांवर हात धरून तीच रेघ पाहत होता.

देवराव परत आले. काठाला लावताना अंदाज चुकला आणि बोट धक्क्यावर धाडकन आदळली. चंद्रभान दोन पावलं मागे सरला.

"दोन जागी वाकडी झाली," तो म्हणाला.

"तीन जागी," देवराव म्हणाले. "एक तुले दिसली नाही."

"तीन जागी वाकडीले सरळ म्हणतात का भाटवे?"

"तूच सांग."

चंद्रभानने रेघेकडे पाहिलं, ट्रॉलीतल्या गवताकडे पाहिलं, नाक ओढलं. मग ट्रॅक्टरवाल्याला म्हणाला, "ते गवत माह्या म्हशीपाशी नेऊन टाक. आन् रिकामीच ने ट्रॉली."

तो चपला काढून बोटीत चढला आणि दोन्ही हातांनी कडा घट्ट धरून बसला, कारण त्याला पोहता येत नव्हतं. दामिनीने त्याच्या गळ्यात जॅकेट अडकवलं.

"रोज जाऊन राहिले तर मले फोन करून सांगत जा," तो म्हणाला. "निघताना एक, आल्यावर एक."

"करीन," देवराव म्हणाले, आणि हळूच, हात सैल ठेवून, बोट मागे घेतली.