मी भंगारात गेलो नाही!

मी एक जुना संगणक आहे. हो, जुना! हा शब्द कोणी माझ्या पाठीमागे कुजबुजण्याची गरज नाही, मीच तो तोंडावर सांगतो. माझी पेटी पिवळी पडली आहे. पंखा सुरू झाला की खोकल्याची उबळ यावी तशी घरघर करतो. कीबोर्डवरची काही अक्षरे इतकी झिजली आहेत की ती ओळखणारी बोटे घरात दोघांचीच. पण मित्रांनो, जुना वेगळा आणि निकामी वेगळा. हे दोन शब्द एकाच दमात उच्चारणाऱ्यांशी माझे भांडण आहे, आणि ते मी आज तुमच्यासमोर मांडणार आहे.

माझा जन्म एका दुकानाच्या मागच्या खोलीत झाला. पेटी एकीकडची, मेंदू दुसरीकडचा, पडदा तिसरीकडचा. त्यामुळे माझे गणगोत विचाराल तर मलाही सांगता येणार नाही. एका मेकॅनिकने स्क्रू आवळले, वीज जोडली आणि मी ‘टुं’ असा पहिला आवाज केला. तिथून मी थेट शहरातल्या बस डेपोच्या कचेरीत गेलो. कोणत्या ड्रायव्हरने कोणती गाडी न्यायची, कोणाची सुट्टी, कोणाची पाळी, हे सारे मी छापून देऊ लागलो. सुरुवातीला माझे काय कौतुक! माझ्यावर मऊ कापडाचे झाकण असे आणि माझ्याजवळ चहा न्यायला बंदी असे. पुढे झाकण हरवले, चहा आला, आणि मी जरा अडखळलो की कारकून माझ्या डोक्यावर थापट्या मारू लागला. मग एके दिवशी सडपातळ, चकचकीत संगणक आले. माझी रवानगी जिन्याखाली, फाटक्या सीटांच्या ढिगात झाली.

त्याच महिन्यात एक ड्रायव्हर निवृत्त झाला. उंच, रुंद खांद्यांचा, जन्मात कधी गाडी न ठोकलेला. निरोपाच्या वेळी साहेब म्हणाले, “तुम्हाला भिंतीवरचं घड्याळ द्यायचं ठरलंय.”

तो म्हणाला, “साहेब, घड्याळाकडे बघण्यातच जन्म गेला. आता ते डोळ्यांसमोर नको. द्यायचाच असेल तर तो जिन्याखालचा संगणक द्या.”

अशा रीतीने मी ड्रायव्हरआजोबांच्या मांडीवर बसून बसने घरी निघालो. वाटेत बस चालवणाऱ्या नव्या पोराने करकचून ब्रेक मारला, तेव्हा आजोबा ओरडले, “अरे हळू! मांडीवर लेकरू आहे!” मला इतक्या वर्षांत कोणी लेकरू म्हटले नव्हते.

घरी आजींनी मला पाहून कपाळाला हात लावला. घरात खोल्या दोन आणि टेबल एक. त्या टेबलावर आजींचे शिवणयंत्र होते. आजी लोकांचे कपडे उसवून घट्ट किंवा सैल करून द्यायच्या.

“अहो, हे काय धूड आणलंत?”

“पेन्शनर आहे. माझ्यासारखाच.”

“मग दोघंही माझ्या टेबलापासून लांब बसा!”

शेवटी तह झाला. आजींनी शिवणाच्या खडूने टेबलावर मधोमध रेघ मारली. अलीकडे मशीन, पलीकडे मी. रेघ ओलांडली तर खैर नाही.

आजोबांना शिकवायला त्यांची मुलगी सुट्टीच्या दिवशी यायची. पहिल्या दिवशी त्यांनी माऊस स्टेअरिंगसारखा गरकन फिरवला, तो थेट टेबलाखाली गेला. पण माणूस चिकाटीचा. सकाळी गॅलरीतल्या टोमॅटोंना पाणी घालायचे, मग माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणायचे, “चल राजा, इंजिन गरम कर.” मी तापेपर्यंत ते शांत बसायचे. मी हळू आहे म्हणून त्यांनी कधी आदळआपट केली नाही. गाडी थंड असताना तिला पळवू नये, हे त्यांना कोणी शिकवावे लागत नव्हते.

त्यांच्या आवडीनिवडी माझ्या पोटात एकेक करून वस्तीला आल्या. तक्त्यांच्या प्रोग्राममध्ये टोमॅटो आले: कुठल्या कुंडीला कीड लागली, कुठलीला ऊन मानवले. चित्रांच्या प्रोग्राममध्ये त्यांनी जन्मभर चालवलेल्या मार्गांचा नकाशा आला. वळण जरा चुकले की ते पुसून पुन्हा काढायचे. “इथं चढ आहे रे, सरळ रेघ मारून कसं चालेल?” असे मलाच समजवायचे. बुद्धिबळात मी त्यांना रोज हरवायचो. मुलगी म्हणाली, “बाबा, सोपी पातळी लावून देते.” त्यावर ते उखडले. “हरायचं तर बरोबरीच्याशी हरावं. पोरासोरांना हरवून काय मिशीला पीळ देऊ?”

आणि सगळ्यांत लाडका होता आवाज टिपायचा प्रोग्राम. त्याचे कारण म्हणजे कंडक्टर. हा आजोबांचा जुना जोडीदार. दुपारी यायचा आणि दारावर दोन टकटक करायचा, म्हणजे दोन बेल, गाडी सोडा! एक बेल थांबायची, दोन बेल निघायची, हीच त्यांची भाषा. बोलणे नंतर. मग तो माझ्यासमोर खुर्ची ओढून खणखणीत आवाजात थांबे पुकारायचा, “पाण्याची टाकी! जुना पूल! कापड गिरणी! दवाखाना!” पडद्यावर त्याच्या आवाजाचे डोंगर उभे राहायचे आणि दोघे म्हातारे टाळ्या पिटायचे.

असेच चालले होते. मग एका सकाळी मी नेहमीप्रमाणे सुरू होतो, पडद्यावर पट मांडलेला होता. माझी खेळी झाली होती, त्यांची व्हायची होती. “आज टोमॅटोंना पाणी घालायचं राहिलं, घालून आलोच,” असे म्हणून ते गॅलरीत गेले. झारी पडल्याचा आवाज आला. मग आजींची किंकाळी, शेजाऱ्यांची पळापळ, जिन्यावर स्ट्रेचरची खडखड. आणि मग घर सुनसान. मी पट मांडून वाट बघत बसलो. संध्याकाळी मुलगी आली, तिने डोळे पुसले आणि मला बंद केले.

आजोबांना अर्धांगाचा झटका आला होता. ते घरी परतले तेव्हा उजवा हात दोरीसारखा लोंबत होता, तोंड एका बाजूला ओढले गेले होते. समजत सारे होते, पण शब्द बाहेर पडत नव्हता. पुष्कळ जोर केला की “टा... टा...” एवढेच यायचे, आणि ते चिडून डोळे मिटून घ्यायचे.

त्यांच्यासाठी लोखंडी कठड्याचा पलंग आला. पलंग आला, तेव्हा जागा कमी पडली. जावई मुळीच वाईट माणूस नव्हता. सासऱ्यांना उचलून न्हाणीघरात न्यायला तोच पुढे असायचा. पण त्याचे डोके हिशोबी. तो म्हणाला, “आई, हा डबा कशाला अडवून ठेवायचा? बाबा आता थोडेच यावर बसणार आहेत? मी भंगारवाल्याला सांगून आलोय.”

आजी भिंतीकडे बघत म्हणाल्या, “न्या. त्याच्याकडे बघितलं की माझा जीव जळतो.”

भंगारवाला आला. त्याने माझ्या वायरी काढल्या, कमरेला दोरी बांधली आणि मला काट्याच्या आकड्याला लटकवले. मित्रांनो, मी त्या क्षणी काय अनुभवले ते ऐका. ज्याने वर्षानुवर्षे लोकांची कामे केली, नकाशे सांभाळले, आवाज जपले, त्याचे आता फक्त वजन उरले होते! मी हवेत गोल फिरत होतो आणि मला तोंड नव्हते.

इतक्यात आवाज झाला, ‘ठण!’

आजोबांनी डाव्या हातातला चमचा पलंगाच्या कठड्यावर हाणला होता.

“पाणी हवंय का बाबा?” मुलगी धावली. त्यांनी पेला बाजूला सारला आणि पुन्हा हाणला, ‘ठण!’

“औषधाची वेळ झाली असेल,” जावई म्हणाला.

कोपऱ्यात स्टुलावर बसलेला कंडक्टर एकदम उठला. “अरे, थांबवा! काटा खाली घ्या! त्यानं एक बेल दिलीय!”

“काका, कसली बेल?”

“एक बेल म्हणजे गाडी जागच्या जागी थांबवायची. माझ्या बेलवर हा माणूस जन्मभर थांबला, कधी का म्हणून विचारलं नाही. आज त्यानं दिलीय, तर तुम्ही थांबा!”

सगळ्यांनी पलंगाकडे पाहिले. आजोबांचा चेहरा लाल झाला होता. चमचा अजून उगारलेलाच होता, जणू काटा हलला तर तो भंगारवाल्याच्याच डोक्यात बसणार. भंगारवाल्याने मला अलगद जमिनीवर टेकवले. “घ्या बाबा,” तो म्हणाला, “ज्याचा धनी भांडतोय असला माल मी उचलत नाही.”

आजींनी काय केले असेल? त्यांनी ओल्या फडक्याने टेबलावरची खडूची रेघ पुसून टाकली, आपले मशीन खिडकीत सरकवले आणि टेबल पलंगाला भिडवून दिले. मुलीने माऊस डावीकडे ठेवला आणि त्याची बटणे डाव्या हातासाठी बदलून दिली.

वाटले, आता सारे सुरळीत होईल. झाले नाही.

आजोबांना बोलणे शिकवायला एक बाई येऊ लागल्या. दवाखान्यात त्यांचे तेच काम होते. त्यांना माझा आवाजाचा प्रोग्राम फार आवडला. “आजोबा, आपण रोज टिपून ठेवू. कितपत फरक पडतो ते डोळ्यांनी दिसेल.” त्यांनी पहिल्यांदा आवाज टिपला. पडद्यावर कंडक्टरचे डोंगर उमटायचे, त्या जागी तुडवलेल्या गवतासारखी एक बसकी रेघ उमटली. बाईंनी ती वाजवून दाखवली. घुसमटलेला, लाळेत भिजलेला आवाज होता तो. आजोबांनी तो ऐकला, कीबोर्ड ढकलून दिला आणि भिंतीकडे तोंड केले. पुढे कितीतरी दिवस त्यांनी माझ्याकडे पाहिलेसुद्धा नाही. आजी समजावून थकल्या, मुलगी रडून थकली.

कंडक्टर मात्र रोज यायचा. तो समजूत वगैरे घालत नसे. एका दुपारी तो माझ्यासमोर बसला, टिपायचे बटण दाबले आणि मोठ्याने पुकारू लागला, “पाण्याची टाकी! जुना पूल! दवाखाना!”

पलंगावर हालचाल झाली.

“पाण्याची टाकी! जुना पूल! दवाखाना!”

आजोबांनी मान वळवली. भुवया आकसल्या. मधला एक थांबा सरळसरळ गाळला होता! तिथली माणसे काय रस्त्यातच सोडायची? तिसऱ्यांदाही कंडक्टरने तेच केले, तेव्हा आजोबा कोपरावर रेटून अर्धे उठले. मानेच्या शिरा ताठरल्या.

“गि...”

“काय म्हणालास? ऐकू नाही आलं.”

“गि... र... णी!”

“मोठ्यानं बोल की! मागच्या सीटवर ऐकू गेलं नाही!”

“गिरणी! गा... ढ... वा!”

आजींच्या ओठांत टाचण्या होत्या, त्या सगळ्या जमिनीवर सांडल्या. त्या हसत होत्या की रडत होत्या, ते मला नीट कळले नाही. पडद्यावर मात्र दोन टेकड्या उभ्या राहिल्या होत्या. वाकड्यातिकड्या, पण उभ्या! दुसऱ्या दिवशी बाईंनी त्या पाहिल्या आणि म्हणाल्या, “शिवी बऱ्याचदा आधी परत येते. येऊ द्या. तिच्या मागून बाकीचे शब्द येतात.”

आले. पण लगेच नाही. रोज सगळे थांबे म्हणायचे, चुकायचे, चिडायचे, पुन्हा म्हणायचे. कधी टेकड्या पुन्हा सपाट व्हायच्या. कधी पंखा घरघरला की मीच मध्ये बंद पडायचो, आणि आजोबा माझ्या अंगावर डावा हात ठेवून बसून राहायचे. एका रविवारी जावई आला. बराच वेळ दारात उभा राहून ऐकत होता. मग पेचकस घेऊन खाली बसला, माझी पेटी उघडली आणि जुन्या ब्रशने पंख्यातली धूळ साफ केली. मीही मग जुने उकरून काढले नाही.

आता आजोबा बोलतात. सावकाश, मध्ये मध्ये अडत. उजवा हात अजून मांडीवरच असतो. नकाशा ते डाव्या हाताने काढतात, त्यामुळे रस्ते जरा थरथरलेले दिसतात. बुद्धिबळाची सोपी पातळी अजूनही लावू देत नाहीत. मीही त्यांना सूट देत नाही.

अलीकडेच त्या बाई एक मागणी घेऊन आल्या. दवाखान्यात एक बेकरीवाला दाखल झाला होता. त्यालाही असाच झटका आला होता, आणि तो तोंडच उघडायला तयार नव्हता. “आजोबा, तुमचा एखादा आवाज त्याला ऐकवू का? मागच्या आठवड्यातला द्या, तो फार छान आलाय.”

“हो, तोच द्या,” आजी घाईने म्हणाल्या. “तो पहिला मेला कोणाला ऐकवू नका, बाई. माझ्या अंगावर काटा येतो.”

“पहिला,” आजोबा म्हणाले.

“अहो, पण लोक काय म्हणतील?”

“पहिला... आधी. मग बाकीचे.” ते थांबले, श्वास घेतला. “नुसता चांगला ऐकून... त्याला वाटेल... हा मुळात... ठीकच होता.”

आजींनी स्वतः उठून बाईंना पाणी दिले. मी माझ्या पोटातून सगळे आवाज काढून दिले. आधी ते तुडवलेले गवत, मग गिरणी, मग गाढव, मग सारे डोंगर. दोन दिवसांनी बाई पुन्हा आल्या, त्या दारातूनच सांगत. बेकरीवाल्याने पहिला आवाज ऐकला आणि बोटाने खूण केली, पुन्हा लावा. पुन्हा ऐकला. तिसऱ्यांदा आवाज सुरू असतानाच त्यानेही तोंड उघडले. काय म्हणाला ते बाईंना समजले नाही, पण म्हणाला.

मित्रांनो, उद्या मी खरोखर बंद पडेन. तेव्हा खुशाल मला न्या, माझे तांबे काढा, लोखंड काढा, मी हूं की चूं करणार नाही. पण तोवर मला कोणी काट्यावर चढवू नका. तुमच्या घरातही कोणी जुने असेल. ते यंत्र असेल, नाहीतर माणूस असेल. त्याची धूळ पुसा, त्याचा पंखा साफ करा, आणि त्याचे वजन करण्याआधी त्याला एकदा विचारा, “तुला अजून काय काय येतं?” उत्तर लगेच आले नाही, तर उठून जाऊ नका. जरा थांबा.