तिसरा थर

परळच्या चाळीच्या पटांगणात महिला गोविंदा पथकाचा सराव चालला होता. खालच्या दोन थरांना चाळिशीच्या वहिन्या, तिसऱ्यावर एकटी अंबिका आणि तिच्या खांद्यावर कॉलेजातली श्रेया.

श्रेयाला रील करायची होती; मोबाइल समोर लावून ठेवला होता. "खाली मिलेनियल, वर जेन झी."

"आणि मी?" शहाण्णवच्या डिसेंबरात, दोन्ही पिढ्यांच्या सीमेवर जन्मलेल्या अंबिकेने विचारलं.

"तू मिलेनियलच गं ताई. अजून सुप्रभातचे मेसेज पाठवतेस."

"आमच्यात नको हं," खालच्या थरातल्या दीपिकावहिनी म्हणाल्या. "एसटीडी बूथ तरी बघितलाय का हिने?"

सगळ्या हसल्या. अंबिकेच्या ऑफिसातही हेच चालायचं, ना इकडची, ना तिकडची. तिच्या खांद्यावर कालच्या सरावाचे वळ अजून निळे होते.

ती बाजूला होऊन ओट्यावर बसली. "लावा थर."

खालचे दोन थर उभे राहिले. श्रेया दुसऱ्यावर चढली आणि तिथेच थांबली. पुढे चढायला खांदाच नव्हता.

"अंबिके, ये लवकर, पाठ मोडली," वहिनी कण्हल्या.

अंबिका सावकाश पाणी प्यायली, मग तिने बाटलीचं झाकण लावलं. "आधी तो मोबाइल बंद करा."

मोबाइल बंद झाला. श्रेया खाली उतरली, अंबिका चढली आणि ताठ उभी राहिली. मग श्रेयाचा पाय तिच्या खांद्याला लागला.

"थांब. कुणाच्या खांद्यावर चढतेयस?"

श्रेया गडबडली. "अंबिकाताईच्या."

"हां. तेवढंच म्हणायचं. चढ आता."