तिरपा काप

फांदी मोडली तेव्हा नोरीन टॅगर्टला आधी वाटलं, आपलाच हात जड पडला.

जुलै नुकताच लागला होता. जूनमध्ये शेंडे खुडून झाले होते आणि आता प्रत्येक झाडाच्या फांद्या सुतळीने खाली ओढून खुंट्यांना बांधायचं काम चाललं होतं. गांजाचं झाड सरळ वाढू दिलं की वर एकच मोठा तुरा येतो आणि खालच्या कळ्या सावलीत बारीक राहतात. शेंडा खुडला, फांद्या आडव्या केल्या की ऊन झाडाच्या पोटापर्यंत पोचतं आणि सगळ्या कळ्या सारख्या भरतात. हे तिला तिच्या नवऱ्याने, वेसने, शिकवलं होतं. ईल नदीच्या वरच्या या डोंगरावर तिने ते इतकी वर्षं केलं होतं की हात आपोआप चालत. निरोगी फांदी वाकते. ही खडूसारखी तुटली.

दुसरीही तशीच तुटली. तिसरीला हात न लावता तिने रांगेकडे नीट पाहिलं. पेरं आखूड होती, पानं लहान. एक पान चुरगळून तिने नाकाशी नेलं. वेसच्या जांभळीला ओल्या लाकडाचा आणि संत्र्याच्या सालीचा वास यायचा. याला नुसता गवताचा येत होता.

जांभळी ही वेसने स्वतः निवडून निवडून तयार केलेली जात. तिचं बी आता कुणाकडेच नव्हतं. दरवर्षी शेडमध्ये जपलेल्या एका मूळ झाडाच्या काड्या तोडून लावायच्या आणि जात पुढे न्यायची, एवढाच मार्ग होता. वेस गेल्यावर त्याचे कपडे तिने वाटून टाकले होते, ट्रक विकला होता. त्याचं म्हणून जिवंत असं ही जात सोडून काही उरलं नव्हतं.

तिने पानं पिशवीत भरून युरेका शहरातल्या प्रयोगशाळेत दिली. तिथल्या बाईने आठवड्याभरात निकाल सांगितला. शेडमधल्या मूळ झाडासकट सगळी झाडं रोगट होती.

"कापायच्या हत्यारावरून पसरतो हा रोग. औषध नाही," बाई म्हणाली. "यंदा बाहेरून एखादं झाड आणलं होतं का तुम्ही?"

आणलं होतं. एप्रिलमध्ये पलीकडच्या टेकडीवरचा लाइल प्रुएट पोटाशी कुंडी धरून ट्रकमधून उतरला होता. लाइल वेसचा जुना मित्र. वेसने पूर्वी दिलेली जांभळीची काडी त्याने आपल्या रांगेत जपली होती, अधूनमधून रोपवाटिकेची विकत आणलेली रोपंही त्याच रांगेत लावत होता. "वेसचं पोर आहे, माहेरी आणलंय," तो म्हणाला होता. पाहुण्याच्या झाडापासून सुरुवात करायची ही वेसची रीत. नोरीनने जूनमध्ये आधी त्या झाडाचा शेंडा खुडला आणि तीच कात्री घेऊन ती रांगभर फिरली. मग शेडमधलं मूळ झाडही छाटून ठेवलं. कात्री पुसलीसुद्धा नव्हती. सगळी एकाच घरची झाडं, पुसायची कशाला?

गेल्या वर्षी लाइलचं पीक हलकं आलं होतं. "माझे हात गेले, नोरीन," तो म्हणाला होता. "फांदी वाकवायला जातो आणि मोडून बसतो." तेव्हा ती हसली होती.

एक झाड तेवढं राहिलं होतं. मार्चमध्ये लावलेल्या काड्यांतली ती सगळ्यात मरतुकडी, म्हणून पाण्याच्या टाकीमागे कुंडीतच ठेवून दिलेली. तिला कुणी खुडलं नव्हतं, बांधलं नव्हतं. ती एकाच दांड्यावर वेड्यासारखी उंच गेली होती. नोरीनने आंघोळ करून, धुतलेला शर्ट घालून तिचं एक पान तोडलं आणि सोमवारी पुन्हा युरेका गाठलं. त्यानंतर ती टाकीकडे फिरकली नाही. कपड्यांवरून, बोटांवरून काय जाईल सांगता येत नव्हतं. पाणी द्यायचं ते लांब नळी धरून, टाकीच्या अलीकडून.

लाइलला तिने काहीच सांगितलं नाही. तो बुधवारी आला, पायरीवर बसून कॉफी प्यायला.

"रांग अर्धीच बांधलीयेस. कंबर धरली का?"

"उन्हाचा कंटाळा आला."

"तुला उन्हाचा कंटाळा? वेस असता तर डॉक्टर बोलावला असता त्याने."

"वेसने डॉक्टर स्वतःसाठीसुद्धा बोलावला नाही."

"तेही खरंच," लाइल म्हणाला.

त्याची बायको वारली होती, मुलगा दूर ओरेगॉनला राहत होता. गांजा कायदेशीर होऊन भाव पडल्यापासून या डोंगरावरची निम्मी घरं रिकामी झाली होती. त्याला सकाळी उठायला कारण म्हणून झाडंच होती. रोग तुझ्याकडून आला, हे सांगायचंच होतं, पण हातात निरोगी काडी घेऊन सांगायचं असं तिने ठरवलं होतं. हे घे, नव्याने लाव, आणि आता ऐक.

शुक्रवारी ती फोनसाठी डोंगरमाथ्यावर गेली. घराशी फोन लागत नसे.

"हे झाड स्वच्छ आहे," बाई म्हणाली. "नशीबवान आहात."

नोरीन खाली आली, कोपरापर्यंत हात धुतले आणि टाकीमागे गेली.

झाड तिच्या कमरेएवढं होतं. आधी ते तिच्या खांद्याला लागत होतं. शेंडा नव्हता. दांडा तिरपा कापलेला होता आणि कापाच्या दोन्ही बाजूंनी हिरवे कोंब डोकावत होते. या डोंगरावर तिरपा काप एकच माणूस घ्यायचा. कापावर पाणी साचत नाही म्हणे.

ती तशीच लाइलच्या टेकडीवर गेली. तो आपल्या रांगेत वाकून फांद्या बांधत होता.

"टाकीमागचं तू कापलंस?"

"सोमवारी. तू कुठे उंडारत होतीस कुणास ठाऊक." तो सरळ झाला. त्याचा चेहरा उजळला होता. "म्हटलं, नोरीनच्या नजरेतून एक सुटलं. शेजाऱ्याची रांग अर्धी सोडू नये. बघशील, दोन जोरदार फांद्या फुटतील."

"कशाने कापलंस?"

त्याने कमरेचा चाकू काढून दाखवला. पात्यावर चीक वाळून काळा झाला होता. "इथली कापून येत होतो, हाच होता हातात. का गं?"

"काही नाही," ती म्हणाली. "काप छान आलाय."

ती पुन्हा माथ्यावर गेली. कापून किती दिवस झाले ते प्रयोगशाळेतल्या बाईने फोनवर विचारलं. "पार खालून कापून बघा," ती म्हणाली. "पण त्यावर विसंबू नका."

नोरीनने नवी कात्री उकळत्या पाण्यात, मग ब्लीचमध्ये बुडवली आणि झाड मातीपासून वीतभर ठेवून बाकी कापलं. रांगेतली सगळी झाडं उपटून जाळली. धुराला जांभळीचा वास नव्हता. शेडमधलं मूळ झाड तिने शेवटी आगीकडे नेलं.

ऑगस्टमध्ये खोडाला दोन फांद्या फुटल्या, चांगल्या हातभर झाल्या. त्या वाकवून बघितल्या की सगळं कळलं असतं. नोरीन रोज त्यांच्यापाशी उभी राहायची आणि हात मागे बांधून परत यायची. पान प्रयोगशाळेतही नेलं नाही.

लाइल आला तेव्हा त्याने आधी रिकाम्या रांगेकडे पाहिलं. "किडीने खाल्लं," असं तिने त्याला सांगून ठेवलं होतं. मग तो टाकीमागे गेला.

"अगं, ही अजून बांधली नाहीस?"

"राहू दे, लाइल."

"राहू दे काय? बुडखा करून ठेवलास नुसता. पुढच्या वर्षी मला यातलीच काडी लागेल, माझी झाडं म्हातारी झाली." त्याने अंगठा खाली लावून फांदी सावकाश खाली घेतली, अगदी वेस घ्यायचा तशी.

आवाज लहानसाच झाला. लाइलच्या हातात तुकडा राहिला. त्याने दुसरी फांदी धरली. तीही गेली.

तो आपल्या बोटांकडे बघत राहिला. "मी म्हटलं होतं ना तुला," तो म्हणाला. "हात गेले माझे."

हात ठीक आहेत, एवढं सांगितलं असतं तरी पुरलं असतं. पण मग फांदी का मोडली, हे त्याने विचारलं असतं. त्यानंतर चाकू. त्यानंतर एप्रिलमधली कुंडी.

"म्हातारा झालास," नोरीन म्हणाली. "आता कबूल कर."

तो थोडं हसला. कमरेचा चाकू काढून त्याने पँटला पुसला आणि टाकीच्या झाकणावर ठेवला. "मग हा तुझ्याकडेच असू दे. यंदाचं निघालं की माझी रांगही बंद."

"कॉफी ठेवू?"

"नको, ऊन चढतंय."

त्याचा ट्रक वळणापलीकडे जाईपर्यंत ती उभी होती. मग तिने मोडलेली फांदी उचलली. पान चुरगळायची काही गरज नव्हती, तरी तिने ते चुरगळून नाकाशी नेलं.